एल्विन मॉर्टन जेलिनेक

एल्विन मॉर्टन जेलिनेक (१५ ऑगस्ट १८९० – २२ ऑक्टोबर १९६३) हे अमेरिकन जीवसांख्यिकीतज्ज्ञ, अध्यापक आणि मद्यपाशाच्या शास्त्रीय अभ्यासाचे एक प्रमुख प्रवर्तक होते. येल विद्यापीठातील मद्यविषयक अभ्यास केंद्र व तेथील उन्हाळी शाळा, मद्यपाशाच्या अवस्थांची मांडणी, मद्यपींच्या संख्येचा अंदाज बांधणारे जेलिनेक सूत्र आणि १९६० साली प्रसिद्ध झालेला 'द डिसीज कन्सेप्ट ऑफ अल्कोहोलिझम' हा ग्रंथ यांसाठी ते ओळखले जातात. मद्यपाश हा नैतिक दोष नसून आजार आहे, हा विचार विसाव्या शतकाच्या मध्यास विद्यापीठे, रुग्णालये आणि शासनसंस्था यांच्यापर्यंत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मात्र या विचाराला त्यांनी स्वतः घातलेल्या मर्यादा त्याच्या प्रसारात बऱ्याच अंशी मागे पडल्या. आजार या शब्दाची व्याप्ती किती, हा वाद त्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिला आहे.

प्रारंभिक जीवन

जेलिनेक यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. त्यांचे वडील हंगेरीतील एका प्रतिष्ठित ज्यू घराण्यातील होते. आई अमेरिकन असून मार्सेला लिंड या नावाने त्या संगीतिकांत व मैफलींत गात असत. एल्विन लहान असतानाच कुटुंब बुडापेस्टला स्थायिक झाले. त्यामुळे त्यांचे बालपण आणि तारुण्य युरोपात गेले आणि अनेक युरोपीय भाषांवर त्यांनी प्रभुत्व मिळवले. स्नेह्यांमध्ये ते 'बंकी' या टोपणनावाने ओळखले जात.

१९०८ नंतरच्या काळात त्यांनी बर्लिन, ग्रनोबल आणि लाइपझिग येथील विद्यापीठांत शिक्षण घेतले. सांख्यिकी, शरीरक्रियाशास्त्र, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र आणि मानवशास्त्र असे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. पुढील आयुष्यात त्यांच्या नावापुढे पदव्या लावल्या जात. परंतु त्यांच्या चरित्राचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना त्या पदव्यांची खातरजमा विद्यापीठांच्या दप्तरांतून करता आलेली नाही.

बुडापेस्टमध्ये त्यांचा मनोविश्लेषणाच्या वर्तुळाशी संबंध आला. पादत्राणाचा उगम आणि त्यामागील प्रतीकात्मकता या विषयावरील त्यांचा हंगेरियन निबंध १९१७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या आर्थिक अस्थिरतेच्या काळात परकीय चलनाच्या व्यवहारांतील एका प्रकरणात त्यांचे नाव आले आणि १९२० साली त्यांनी बुडापेस्ट सोडले. त्यानंतरचे दशक त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन आणि मध्य अमेरिकेतील होंडुरास येथे काढले. होंडुरासमधील तेला येथे ते केळीच्या व्यापारातील युनायटेड फ्रूट कंपनीसाठी संशोधन करीत होते.

वूस्टर येथील कार्य

१९३० च्या सुमारास जेलिनेक अमेरिकेत परतले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर राज्य रुग्णालयात जीवसांख्यिकीतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. या मनोरुग्णालयात त्या वेळी स्किझोफ्रेनिया या आजाराच्या शारीरिक बाजूचे संशोधन चालू होते. मोजमापे कशी घ्यावीत, तुलनेसाठी गट कसे निवडावेत आणि हाती आलेल्या आकड्यांवरून कितपत निष्कर्ष काढता येतो, हे ठरवणे हे जेलिनेक यांचे काम होते. मानसोपचारासारख्या तोपर्यंत प्रामुख्याने रुग्णवृत्तांतांवर आधारलेल्या क्षेत्रात सांख्यिकीय पद्धतींचा वापर रुजवण्यासाठी त्यांनी या काळात लेखन केले.

मद्यविषयक साहित्याचा आढावा

अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यानंतर दारूबंदीचे समर्थक आणि विरोधक यांच्यातील कटुता कायम राहिली. दारूविषयी बोलणारा प्रत्येक जण कोणत्या तरी एका पक्षाचा मानला जाई. अशा वातावरणात काही वैज्ञानिकांनी एकत्र येऊन मद्यविषयक प्रश्नांच्या संशोधनासाठी एक परिषद स्थापन केली. दारू व्यक्तीवर काय परिणाम करते यासंबंधी तोपर्यंत झालेल्या संशोधनाचा आढावा घेण्याचे काम परिषदेने कार्नेगी कॉर्पोरेशनच्या अनुदानावर हाती घेतले आणि १९३९ साली जेलिनेक यांच्याकडे सोपवले. मद्य हा विषय त्यांच्या आयुष्यात येथून आला. त्या वेळी ते ४९ वर्षांचे होते.

निरनिराळ्या भाषांतील निबंध आणि ग्रंथ गोळा करून त्यांचे सारांश काढणे व वर्गीकरण करणे असे या कामाचे स्वरूप होते. या प्रकल्पात मार्क केलर हे त्यांचे सहकारी होते. पुढे याच संग्रहातून मद्यविषयक साहित्याचे वर्गीकृत सारांश-भांडार उभे राहिले. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल बोमन यांच्यासमवेत जेलिनेक यांनी लिहिलेला मद्यासक्ती व तिच्यावरील उपचार यांचा विस्तृत आढावा १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढील वर्षी त्यांच्या संपादनाखाली या साहित्यावरील ग्रंथही निघाला. मद्यपाशाला निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळे अर्थ दिले आहेत आणि त्यामुळे त्यांचे निष्कर्ष परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत, ही अडचण या आढाव्यातून स्पष्ट झाली.

येल विद्यापीठातील अध्यापन

येल विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉवर्ड हॅगार्ड यांच्या प्रयोगशाळेत मद्याच्या चयापचयावर संशोधन चालू होते. १९४० साली तेथून मद्यविषयक अभ्यासाला वाहिलेले एक त्रैमासिक सुरू झाले. १९४१ साली जेलिनेक येलमध्ये दाखल झाले. प्रयोगशाळेतील मद्यविषयक विभागाचे पुढे स्वतंत्र केंद्रात रूपांतर झाले. शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा आणि सांख्यिकी या शाखांच्या अभ्यासकांनी एकाच प्रश्नावर एकत्र काम करणे हे या केंद्राचे वैशिष्ट्य होते.

१९४३ च्या उन्हाळ्यात जेलिनेक यांच्या संचालकत्वाखाली येल येथे मद्यविषयक अभ्यासाची पहिली उन्हाळी शाळा भरली. धर्मोपदेशक, शिक्षक, समाजसेवक, डॉक्टर आणि मद्यनिषेध संघटनांचे कार्यकर्ते तिचे विद्यार्थी होते. मद्यपींशी व त्यांच्या कुटुंबीयांशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या या व्यक्तींना तोवर या विषयाचे पद्धतशीर शिक्षण देणारी व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. मद्यनिषेधाचे कट्टर पुरस्कर्ते आणि त्यांच्याशी असहमत असणारे अभ्यासक एकाच वर्गात बसत. व्याख्यानानंतर होणाऱ्या चर्चेला अभ्यासक्रमात मुद्दाम स्थान दिलेले होते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या स्व-मदत संघटनेचे सहसंस्थापक बिल विल्सन यांनीही येथे व्याख्यान दिले. उन्हाळी शाळेतील २९ व्याख्याने, त्यांवरील चर्चांसह, 'अल्कोहोल, सायन्स अँड सोसायटी' या ग्रंथरूपाने १९४५ साली प्रकाशित झाली. मद्यपाशावरील प्रशिक्षणासाठी हा ग्रंथ दीर्घकाळ वापरात होता. व्यसनविषयक समुपदेशन ही स्वतंत्र व्यवसायशाखा म्हणून पुढे विकसित झाली. तिच्या औपचारिक शिक्षणाच्या पूर्वसूरींमध्ये या शाळेची गणना होते.

१९४४ साली कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन आणि हार्टफर्ड येथे 'येल प्लॅन' चिकित्सालये सुरू झाली. मद्यपींना दाखल न करता बाह्यरुग्ण म्हणून तपासणे, त्यांच्याशी व कुटुंबीयांशी संवाद साधणे, गटचर्चा घेणे आणि आवश्यकतेनुसार रुग्णालयाकडे किंवा एएच्या गटाकडे पाठवणे अशी तेथील कार्यपद्धती होती. तोपर्यंत गरीब मद्यपीच्या वाट्याला बहुधा तुरुंग किंवा मनोरुग्णालय येत असे. त्याच वर्षी एएच्या सुरुवातीच्या महिला सदस्यांपैकी एक असलेल्या मार्टी मान यांनी येलच्या पाठिंब्याने मद्यपाशाविषयी लोकशिक्षण करणारी राष्ट्रीय समिती स्थापन केली. मद्यपी हा आजारी मनुष्य आहे आणि त्याला मदत करता येते, हा या समितीच्या प्रचाराचा गाभा होता.

डोकेदुखीच्या औषधांची चाचणी

मद्यविषयक कामाच्या बरोबरीने जेलिनेक यांनी केलेल्या एका औषधचाचणीला वैद्यकीय संशोधनाच्या इतिहासात स्थान आहे. डोकेदुखीवरील एका औषधात तीन घटक होते; त्यांपैकी एखादा वगळला तर औषधाचा गुण कमी होतो का, हे पाहायचे होते. सततच्या डोकेदुखीने त्रस्त असलेल्या १९९ व्यक्तींना मूळ औषध, एकेक घटक वगळून केलेली दोन औषधे आणि औषधी घटक नसलेली गोळी (प्लासिबो) अशा चार गोळ्या वेगवेगळ्या क्रमाने देण्यात आल्या.

सर्वांचे निकाल एकत्र पाहिले असता तिन्ही औषधांमध्ये फारसा फरक दिसला नाही. मात्र १२० जणांना औषधी घटक नसलेल्या गोळीनेही आराम पडला होता. त्यांना वेगळे काढून उरलेल्या ७९ जणांचे निकाल तपासल्यावर औषधांमधील फरक स्पष्ट झाला. हा अभ्यास १९४६ साली प्रसिद्ध झाला. सरासरीच्या आकड्यामागे भिन्न प्रकृतीचे गट दडलेले असू शकतात, हे त्यातून दिसून आले. पुढे मद्यपाशाचे प्रकार पाडतानाही जेलिनेक यांनी सर्व मद्यपींना एकाच वर्गात टाकण्यास विरोध केला.

मद्यपाशाच्या अवस्था

१९४५ साली एएच्या 'ग्रेपव्हाइन' या मुखपत्राने आपल्या वाचकांसाठी एक प्रश्नावली छापली. पहिल्यांदा दारूची नशा कधी झाली, चोरून पिणे कधी सुरू झाले, पिण्यावरील ताबा कधी सुटला, सकाळी उठल्याबरोबर पिण्याची गरज कधी भासू लागली, असे प्रश्न तीत होते. सुमारे १,६०० प्रती वाटल्या गेल्या आणि १५८ उत्तरे परत आली. ही प्रश्नावली तयार करण्यात जेलिनेक यांचा सहभाग नव्हता. उत्तरांचे विश्लेषण करण्याची विनंती त्यांना नंतर करण्यात आली.

अपुरी अथवा सदोष उत्तरे त्यांनी बाजूला ठेवली. स्त्रियांची उत्तरे पुरुषांच्या उत्तरांहून बरीच भिन्न आढळली आणि त्यांची संख्या अल्प असल्याने तीही वगळली. अखेर ९८ पुरुषांच्या उत्तरांवर आधारलेला निबंध १९४६ साली प्रसिद्ध झाला. नमुना लहान आहे, तो एकाच संघटनेच्या सदस्यांचा आहे आणि उत्तरे स्मरणावर अवलंबून आहेत, या मर्यादा त्यांनी निबंधातच नोंदवल्या. त्यानंतर त्यांनी स्वतः अधिक विस्तृत प्रश्नावली तयार केली. दोन हजारांहून अधिक पुरुषांच्या उत्तरांच्या आधारे त्यांनी १९५२ साली सुधारित मांडणी प्रसिद्ध केली.

या मांडणीत ४३ लक्षणे क्रमवार दिलेली असून ती पुढील अवस्थांमध्ये विभागली आहेत :

• पूर्वावस्था : व्यक्ती ताण हलका करण्यासाठी पिऊ लागते आणि त्यासाठी लागणारे मद्याचे प्रमाण हळूहळू वाढते.
• पूर्वसूचक अवस्था : पिताना घडलेल्या गोष्टींचा स्मृतिलोप, चोरून पिणे, घाईघाईने पहिले प्याले रिचवणे आणि पिण्याबद्दल अपराधी वाटणे ही लक्षणे दिसतात.
• निर्णायक अवस्था : एकदा सुरुवात केली की थांबता येत नाही. सबबी सांगणे, शपथा घेणे व मोडणे, बाटल्या लपवून ठेवणे, नोकरी व नातेसंबंध बिघडणे हे या अवस्थेत घडते.
• जीर्ण अवस्था : दिवसेंदिवस चालणारे मद्यपान, विचारशक्तीचा ऱ्हास, हातापायांचा कंप आणि अकारण भीती ही लक्षणे आढळतात. मद्य पचवण्याची पूर्वीची क्षमता कमी होते.

प्रत्येक मद्यपीत सर्व लक्षणे याच क्रमाने येतात असे जेलिनेक यांचे म्हणणे नव्हते. इंग्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ मॅक्स ग्लॅट यांनी १९५० च्या दशकात या लक्षणांची उतरती रेषा आणि तिच्यासमोर पुनर्वसनाच्या टप्प्यांची चढती रेषा असा तक्ता तयार केला. हा तक्ता आज 'जेलिनेक वक्र' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातील पुनर्वसनाची बाजू मात्र ग्लॅट यांची आहे.

जेलिनेक सूत्र

एखाद्या प्रदेशात मद्यपी किती आहेत हे थेट मोजणे अवघड असते, कारण मद्यपी व त्याचे कुटुंबीय ही गोष्ट सहसा लपवतात. जेलिनेक यांनी त्यासाठी यकृताच्या सिरोसिसने होणाऱ्या मृत्यूंचा आधार घेतला. सिरोसिसच्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी किती मद्यपाशामुळे झाले, शारीरिक गुंतागुंत असलेल्या मद्यपींपैकी किती टक्के सिरोसिसने मरण पावतात आणि अशा मद्यपींचे एकूण मद्यपींशी काय प्रमाण आहे, या तीन गुणकांच्या साहाय्याने मृत्यूंच्या आकड्यावरून मद्यपींच्या एकूण संख्येचा अंदाज करता येई. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीच्या १९५१ च्या अहवालात हे सूत्र देण्यात आले आणि अनेक देशांनी त्याचा वापर केला.

हे गुणक काळ आणि प्रदेश बदलला तरी स्थिर राहतात, हे सूत्राचे गृहीतक होते. १९५९ साली समाजशास्त्रज्ञ जॉन सीली यांनी त्याची सविस्तर चिकित्सा केली. त्याच वर्षी जेलिनेक यांनीही आपल्या सूत्राचे पुनर्परीक्षण केले आणि त्याऐवजी अन्य पद्धती वापरण्याचा पुरस्कार केला. स्वतःचे नाव लाभलेले आणि आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेले साधन त्यांनी अशा प्रकारे स्वतःच मागे घेतले.

जागतिक आरोग्य संघटना

१९५० च्या सुमारास जेलिनेक येलमधून बाहेर पडले. तेथील केंद्राची धुरा समाजशास्त्रज्ञ सेल्डन बेकन यांनी सांभाळली. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात जेलिनेक यांनी जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेचे मद्यपाशविषयक सल्लागार म्हणून काम केले. या काळात त्यांनी निरनिराळ्या देशांतील पिण्याच्या चालीरीतींचा अभ्यास केला.

अमेरिकेतील मद्यपी बहुधा काही काळ दारूपासून दूर राहू शकतो, पण प्यायला सुरुवात केल्यावर त्याला थांबता येत नाही. फ्रान्ससारख्या वाइनप्रधान देशात याच्या उलट चित्र दिसे. तेथील अनेक मद्यपी एका वेळी किती प्यावे यावर ताबा ठेवू शकत. परंतु त्यांना एक-दोन दिवसही न पिता राहता येत नसे. अशी व्यक्ती क्वचितच झिंगलेली दिसते, त्यामुळे तिच्या आजाराची जाणीव तिला किंवा समाजाला होत नाही. या निरीक्षणांमुळे अमेरिकेत, विशेषतः एएच्या सदस्यांमध्ये, आढळणारे मद्यपाशाचे रूप सार्वत्रिक मानता येणार नाही, असे जेलिनेक यांचे मत झाले.

'द डिसीज कन्सेप्ट ऑफ अल्कोहोलिझम'

१९६० साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात जेलिनेक यांनी मद्यपाशाला आजार मानणाऱ्या विविध मतांची चिकित्सा केली. मद्यपाशाच्या प्रकारांना त्यांनी ग्रीक वर्णमालेतील अक्षरांची नावे दिली, जेणेकरून नावातूनच एखादा सिद्धान्त सूचित होऊ नये.

• अल्फा : शारीरिक वा मानसिक वेदना कमी करण्यासाठी मद्यावर केवळ मानसिक अवलंबन, ताबा सुटलेला नसतो.
• बीटा : जठरदाह, मज्जातंतूंचे विकार, सिरोसिस अशी शारीरिक हानी, परंतु अवलंबन नाही.
• गॅमा : वाढलेली सहनक्षमता, शारीरिक अवलंबन आणि पिण्यावरील ताबा सुटणे.
• डेल्टा : गॅमासारखेच शारीरिक अवलंबन, मात्र ताबा सुटण्याऐवजी मद्यापासून दूर राहण्याची असमर्थता.
• एप्सिलॉन : मधूनमधून येणारे अनावर मद्यपानाचे झटके.

यांपैकी गॅमा आणि डेल्टा हे दोन प्रकार काटेकोर अर्थाने आजार ठरू शकतात, असे जेलिनेक यांचे मत होते. अल्फा प्रकाराला ते अन्य विकाराचे लक्षण मानत. मद्यामुळे नुकसान होते एवढ्यावरून प्रत्येक अतिरेकी मद्यपानाला आजार म्हटले तर त्या शब्दाला अर्थ उरणार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. आजाराची संकल्पना ही पुराव्याने तपासायची गृहीतके आहेत, अशीच त्यांची भूमिका होती.

अखेरची वर्षे

१९५८ नंतर जेलिनेक कॅनडामध्ये होते. टोरोंटो आणि अल्बर्टा येथील विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले आणि तेथील व्यसनविषयक संशोधनसंस्थांना मार्गदर्शन केले. १९६२ साली ते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे काम करीत असतानाच २२ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. ते ७३ वर्षांचे होते.

टीका आणि मूल्यमापन

१९६२ साली लंडनमधील मानसोपचारतज्ज्ञ डी. एल. डेव्हिस यांनी उपचारानंतर पाठपुरावा केलेल्या ९३ मद्यासक्त रुग्णांपैकी सात जण पुन्हा मर्यादित प्रमाणात पिऊ लागल्याचे प्रसिद्ध केले. त्यामुळे एकदा सुटलेला ताबा कायमचाच सुटतो, या समजुतीविषयी मोठा वाद निर्माण झाला. अवस्थांच्या मांडणीवरही टीका झाली. ती एएच्या पुरुष सदस्यांच्या आठवणींवर आधारलेली असल्याने स्त्रिया, तरुण आणि उपचाराविना सावरलेल्या व्यक्ती यांना ती लागू पडेलच असे नाही, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले. १९७६ साली ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस यांनी मद्यावलंबनाचे लक्षणसमूह म्हणून वर्णन केले. हे अवलंबन कमी-अधिक तीव्रतेचे असू शकते, या त्यांच्या मांडणीमुळे ठरावीक प्रकारांची विभागणी मागे पडली.

जेलिनेक यांच्या पदव्या आणि पूर्वायुष्य यांविषयीच्या शोधांमुळे त्यांच्या व्यक्तिमत्त्वाबद्दलही प्रश्न उपस्थित झाले. मात्र त्यांच्या संशोधनातील आकडे, पद्धती व मर्यादा प्रकाशित स्वरूपात उपलब्ध असल्यामुळे त्याची पारख त्यांच्या पदव्यांवाचूनही करता येते आणि टीकाकारांनी ती त्याच आधारे केली आहे.

वारसा

येल येथील मद्यविषयक केंद्र १९६२ साली न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात हलवण्यात आले आणि उन्हाळी शाळेची परंपरा तेथे चालू राहिली. जेलिनेक यांच्या स्मरणार्थ मद्यविषयक संशोधनासाठी आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. ॲम्स्टरडॅममधील 'जेलिनेक' या व्यसनोपचार संस्थेलाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.

अनेक देशांतील व्यसनमुक्ती केंद्रांत जेलिनेक वक्राचा तक्ता समुपदेशनासाठी वापरला जातो. महाराष्ट्रातील व्यसनमुक्ती केंद्रे आणि एएचे मराठी गटही मद्यपाश हा आजार आहे, हे सूत्र रुग्ण व त्याच्या कुटुंबीयांपुढे मांडतात. दोषारोप थांबवून उपचाराकडे वळण्यासाठी या सूत्राचा उपयोग होतो. त्याचबरोबर समोरच्या व्यक्तीचे मद्यपान नेमके कोणत्या प्रकारचे आहे हे तपासल्याशिवाय तिला तक्त्यातील एखाद्या पायरीवर बसवू नये, ही दक्षताही जेलिनेक यांच्या लेखनातूनच येते.